स्मशानातली आवराआवर

माझ्या धाकट्या सुनेला बाहेरचे लोक स्मशानकाकू म्हणतात आणि ती त्यांना हसून ओ देते, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कोणी दचकायला नको. बाई चांगली धडधाकट आहे, घरात सगळे जिवंत आहेत. नाव पडलं ते पत्त्यांमुळे.

तिचा आणि माझ्या धाकट्या मुलाचा काचेचा आणि फ्रेमांचा धंदा आहे. तो लाकूड कापतो, कोपरे जोडतो. ती काच कापते. एकदा हिऱ्याच्या टोकाची हिरकणी काचेवर ओढली की तिचा हात मागे येत नाही. 'टक्' असा बारीक आवाज होतो आणि काच जिथे सांगितली तिथेच तुटते. उरलेले तुकडे मात्र ती कधी टाकत नाही. दुकानाच्या मागच्या भिंतीला लाकडी मांडणी आहे, तिथे ते उभे राहतात. मोठे मागे, लहान पुढे, साधी काच एका बाजूला, दुधी काच दुसऱ्या बाजूला. कुणाला बोटभर काच लागली की ती न बघता मागे हात घालते आणि हवा तोच तुकडा काढते.

ही सवय दुकानात राहिली असती तर ठीक. पण तिचा हात कुठल्याही गठ्ठ्यावर पडला की त्याची वर्गवारी झालीच म्हणून समजा. माझी औषधाची पाकिटं ती बोलता बोलता उंचीप्रमाणे लावून ठेवते. मग मी रात्रीची गोळी सकाळी घेतो आणि दिवसभर पेंगतो. तिला विचारलं तर म्हणते, "मी हात पण नाही लावला, बाबा." आणि ती खोटं बोलत नसते. तिला कळतच नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे सगळा जीव टांगणीला लागला तो यावरूनच.

पत्ते घरात आले नातवामुळे. तो शिकायला दुसऱ्या शहरात गेला. जाताना चांगले पत्ते मित्रांना वाटले, आणि कुणालाच नको असलेले एका बुटाच्या खोक्यात भरून मागे ठेवून गेला. हे आपले राजा-राणीचे पत्ते नव्हेत. चित्रांचे पत्ते. ज्याने त्याने आपली साठ पत्त्यांची गड्डी स्वतः जमवायची आणि समोरच्याशी झुंजायचं. सूनबाई खोकं रद्दीत टाकायला निघाली होती. टाकण्याआधी उघडून बघितलं, म्हणजे आत हात घातला, म्हणजे वर्गवारी सुरू झाली, आणि त्या दुपारी स्वयंपाकघरात भाताने तळ धरला.

मला तिने तो खेळ समजावला तो असा. गड्डीतले काही पत्ते जमिनीचे. एका पाळीला एक जमीन मांडायची. जमिनीतून ताकद मिळते आणि त्या ताकदीवर बाकीचे पत्ते चालतात, राक्षस, शिपाई, आगीचे लोळ. प्रत्येकाला वीस प्राण. समोरच्याचे संपवले की आपण जिंकलो. मेलेला, वापरलेला, टाकलेला पत्ता आपल्या बाजूला एका ढिगावर उताणा पडतो. त्या ढिगाला स्मशान म्हणतात. आणि पत्ता ओढायची पाळी आली असताना गड्डीच संपलेली असेल तर माणूस जागच्या जागी हरतो.

लोक काय करतात, तर मोठमोठे राक्षस भरतात आणि पत्ते जपून वापरतात. सूनबाईच्या खोक्यात राक्षस नव्हतेच. जमिनी होत्या, ढिगाने. तिने जवळजवळ अर्धी गड्डी जमिनींची केली आणि आपल्याच गड्डीवरचे पत्ते मुठीमुठीने स्मशानात ओतायला लागली. समोरच्याला वाटतं, बाईला खेळ कळत नाही. मग ती एक पत्ता मांडते, दलदलीची म्हातारी. आपल्या स्मशानात जितक्या जमिनी पडल्या असतील, तितकी त्या म्हातारीची ताकद. तोवर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा झालेला असतो.

"उरलेल्या तुकड्यांतच माल असतो, बाबा," ती मला म्हणाली. "फक्त कुठे काय ठेवलंय ते माहीत पाहिजे."

वहीपेन्सिलींच्या दुकानावर एक खोली आहे, चार टेबलांची. तिथे दर रविवारी डाव रंगतात. ती जायला लागली, आणि सोबत म्हणून मीही. आणि इथेच भांडणाला तोंड फुटलं, कारण फ्रेमांच्या दुकानात खरी गर्दी रविवारीच असते.

"अगं, गिऱ्हाईक दारात उभं आणि तू तिकडे चित्रं खेळतेस?" मुलगा म्हणाला.

"अहो, सहा दिवस मी कुठे असते?"

"सातव्या दिवशी पण दुकान उघडं असतं ना!"

"मग सातव्या दिवशी तुम्ही कापा काच."

"माझी काच वाकडी जाते, तुला माहितीये!"

"म्हणून मी जन्मभर रविवारी तिथे उभी राहू?"

असं महिनोन्‌महिने चाललं. शेवटी शहरातली वर्षाची मोठी स्पर्धा आली तेव्हा त्याने ताटावरून उठता उठता सांगून टाकलं, "पहिल्या आठांत आलीस तर रविवार तुझा, कायमचा. मी चकार शब्द काढणार नाही. नाही आलीस तर ते खोकं रद्दीत. आहे कबूल?"

तिने भांडी गोळा केली. ताटं खाली, वाट्या वर, चमचे एका बाजूला. "कबूल," म्हणाली. "बाबा साक्षीदार."

म्हणून मी त्या दिवशी तिथे होतो.

स्पर्धा बॅडमिंटनच्या हॉलमध्ये होती. जमिनीवर पांढऱ्या रेषा, त्यांवर लांबच लांब टेबलं, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी पोरं. केस पिंजारलेली, पाठीला पिशव्या, डोळे लाल. त्यांच्यात आमची सूनबाई, ताठ बसलेली, पर्स मांडीवर. शेजारच्या पोराने तिला विचारलं, "काकू, मुलाला सोडायला आलात का?"

"नाही रे. तुला घरी पाठवायला आले."

आणि पाठवलं की! पहिल्याच फेरीत तोच समोर आला. पण दुसऱ्या फेरीत काळ्या शर्टातला पंच टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"काकू, तुम्ही स्मशानातला क्रम बदलताय."

"मी?"

तिने खाली बघितलं. जमिनी डावीकडे, बाकीचे पत्ते उजवीकडे, दोन सुबक गठ्ठे. समोरचा खेळाडू म्हणाला, "मेल्यावर तरी आवराआवर नको ना, काकू!" आजूबाजूचे हसले. पंच हसला नाही. त्याने समजावून सांगितलं. या स्पर्धेत जुने पत्ते चालतात. त्यांतले काही पत्ते स्मशानातला सगळ्यात वरचा पत्ता उचलतात. म्हणून जो पत्ता ज्या क्रमाने पडला त्याच क्रमाने राहिला पाहिजे. वहीपेन्सिलवाल्याच्या माडीवर हे कोण बघतंय? इथे मात्र पहिली चूक म्हणजे ताकीद, दुसरी म्हणजे तो डाव गेला, तिसरी म्हणजे स्पर्धेतून बाहेर.

"नाही होणार परत," सूनबाई म्हणाली.

चौथ्या फेरीत परत झालं. मी मागे उभा होतो. तिचे डोळे हातातल्या पत्त्यांवर, आणि उजवा हात आपला आपण स्मशानावर गेला, जसा दुकानात मांडणीकडे जातो. दोन बोटांनी एक जमीन सरकवून दुसऱ्या जमिनीला टेकवली. मी "अगं!" म्हणून ओरडलो. झालं. तिचा डाव गेला तो गेलाच, आणि वर मलाही ताकीद मिळाली. बघणाऱ्याने तोंड उघडायचं नाही म्हणे! परत उघडलं तर हॉलबाहेर. मी आयुष्यात इतकी अवघड अट ऐकलेली नाही.

एका फेरीत तीन डाव असतात, म्हणून ती फेरी तिने कशीबशी ओढून काढली. मधल्या सुट्टीत मुलाचा मला फोन आला. तिचा बंद होता.

"बाबा, काच उचलायचा उजव्या हाताचा मोजा कुठे गेला?"

"मला काय विचारतोस?"

"डावा खिळ्यावर आहे, उजवा नाहीये! पुरुषभर उंचीचा आरसा न्यायला माणूस आलाय. उघड्या हातांनी उचलू का?"

"इकडची खबर विचार की आधी!"

"काय झालं तिकडे?"

"एक ताकीद, आणि एक डाव गेला."

"हात लावला असेल तिने," तो म्हणाला. तेवीस वर्षांचा संसार आहे, त्याला सांगावं लागलं नाही. "मोज्याचं विचारा तिला," म्हणाला आणि फोन ठेवला. मी विचारायला गेलो, पण ती डोळे मिटून बसली होती. म्हटलं, राहू दे.

शेवटच्या फेरीआधी भिंतीवर यादी लागली. सूनबाई तेव्हा अकरावी. हा सामना जिंकला तर आठांत शिरायची आशा, हरला तर खोकं रद्दीत. आणि जिंकायचा म्हणजे तीनपैकी दोन डाव, तेही स्मशानाला बोट न लावता.

समोर आला तो कुरिअरवाला. दाढी, काटक अंग, दिवसभर जिने चढउतार करणारा. त्याची गड्डी आगीची होती, झटपट घाव घालणारी. माणूस गोड बोलत होता, पण त्याचे डोळे सूनबाईच्या पत्त्यांवर नव्हते. तिच्या उजव्या हातावर होते. बातमी पसरली होती ना!

"बसा काकू. आवराआवर झाली का?"

"तुझी झाली की निघू."

मी काय केलं, सांगतो. आमच्या गावच्या शाळेत मास्तर बडबड्या पोराला तोंडात पाणी धरून उभं करायचे. गिळायचं नाही, सांडायचं नाही. ती शिक्षा इतकी नेमाने मलाच मिळायची की मी आलो की मास्तर तांब्याच पुढे करायचे. तेव्हाचं शिक्षण आता उपयोगी पडलं. मी बाटलीतून मोठा घोट घेतला, गाल फुगवले आणि तिच्या मागे उभा राहिलो.

पहिला डाव त्याने घेतला. आग, आग, आग, संपलं. दुसरा तिने घेतला, म्हातारी लवकर आली म्हणून. पण त्या डावात तिचा हात दोनदा स्मशानाकडे निघाला आणि दोनदा तिने तो डाव्या हाताने धरून मागे आणला, एखाद्या हट्टी पोराला धरावं तसा. काळ्या शर्टातला पंच आता दुसरीकडे जातच नव्हता.

तिसरा डाव सुरू झाला. तिने मुठीमुठीने पत्ते ओतले. स्मशान वाढलं. जितकं वाढलं तितका तिचा हात अस्वस्थ. मग कुरिअरवाल्याने ती चाल खेळली.

"काकू, तुमचं स्मशान बघू?"

कुणीही कुणाचं स्मशान बघू शकतं, नियमच आहे. तिने दिलं. त्याने एकेक पत्ता पाहिला, क्रम तसाच ठेवला, आणि परत ठेवताना सगळा ढीग असा काही वेडावाकडा पसरला की विचारू नका. एक कोपरा इकडे, एक तिकडे, एक पत्ता टेबलाच्या कडेवरून लोंबकळतोय. बेकायदा काही नाही. पण माझ्या सुनेसमोर असा ढीग ठेवणं म्हणजे उपाशी माणसासमोर ताट ठेवून जेवू नको म्हणणं.

कडा सरळ केल्या तर गुन्हा नव्हता. पण तिची बोटं कडांवर थांबत नाहीत, हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आता त्यालाही. तिच्या कानामागे घाम आला. बोटं टेबलावर चाळवली, पुढे सरकली, ढिगापासून वीतभरावर आली. पंचाने पेन काढलं. माझे गाल दुखायला लागले.

तिने हात मागे घेतला, पर्स उघडली आणि आतून मोजा काढला.

काचेचा! जाड चामड्याचा, कोपरापर्यंत येणारा, उजव्या हाताचा! मी पाणी कसं आत ठेवलं ते माझं मला माहीत.

"हे काय आता?" कुरिअरवाला म्हणाला. "पंच, मोजा चालतो का?"

पंचाने मोजा घेतला, उलटा करून झटकला, एकेक बोट चाचपून बघितलं. आतून काचेची बारीक भुकटी पडली, पत्ता काही पडला नाही. "थंडी वाजतेय का काकू?"

"नाही. खोड मोडतेय."

"घाला. पण वेळ घालवू नका."

तिने मोजा चढवला, आणि तो हात स्मशानाशेजारी ठेवून दिला. पडून राहिला की तो! मी रोज बघतो म्हणून मला उमगलं. तुकडे लावायचं काम ती उघड्या बोटांनी करते, कारण कड बोटाला कळावी लागते. मोजा असतो मोठी काच उचलायला. मोजा चढवला की उचलायचं, न्यायचं, ठेवायचं, बाकी कशाला शिवायचं नाही. तिच्या हाताला हे दोन कायदे पक्के पाठ आहेत. सकाळपासून मोजा पर्समध्ये होता, पण पोरं हसतील म्हणून तिने काढला नव्हता. हसलीच पोरं. हसू देत.

आता ती डाव्या हाताने खेळायला लागली. म्हातारी मांडली. पण त्याच्यासमोर दोन शिपाई होते. म्हातारीने हल्ला केला की एक शिपाई आडवा येऊन मरणार आणि घाव फुकट जाणार. त्याचे प्राण उरले होते अकरा, तिचे सहा. तिने परत पत्ते ओतले. सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर पडली एक जमीन, धुक्याची वाट. तिच्या गड्डीत एकच पत्ता उरला.

त्याची पाळी. त्याने एक शिपाई अंगावर धाडला, चार प्राणांचा घाव. म्हातारी फक्त हल्ला करते, अडवत कुणाला नाही. अडवायला सूनबाईकडे एक फुटकळ बेडूक होता. बेडूक आडवा घालायचा, बेडूक मरेल, प्राण वाचतील, हे मलासुद्धा कळत होतं. मागचा एक पोरगा पुटपुटला, "काकू, बेडूक..." आणि पंचाने त्याच्याकडे वळून पाहिलं.

तिने बेडूक हलवला नाही. "लागू दे," म्हणाली.

सहातून चार गेले. उरले दोन. मला वाटलं, घाबरली, डोकं चालेनासं झालं. रविवार गेला. खोकं गेलं. कुरिअरवाल्यालाही तेच वाटलं असावं, कारण तो खुर्चीला टेकला. त्याच्या हातात आग होती, पुढच्या पाळीला ती दोन प्राण सहज पिऊन टाकणार होती.

तिची पाळी. गड्डीतला शेवटचा पत्ता ओढला. बाजूला ठेवला. मग हातातला जुना, कोपरे झिजलेला एक पत्ता मांडला, मागचं दार. स्मशानातला सगळ्यात वरचा पत्ता जमीन असेल तर ती मांडा.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बेडूक मेला असता तर स्मशानात सगळ्यात वर बेडूक पडला असता आणि धुक्याची वाट त्याच्याखाली गेली असती! दिवसभर ज्या क्रमाने तिला छळलं, तोच तिने चार प्राण देऊन राखला होता.

मोजा घातलेला हात उठला. जाड चामड्याची दोन बोटं, वरचा एकच पत्ता, अलगद, जशी ती काच उचलते. नेला. ठेवला. खालचा ढीग तसाच वेडावाकडा.

"धुक्याची वाट," ती म्हणाली. "ती मांडली त्या पाळीला कुणी आडवं येऊ शकत नाही. म्हातारी हल्ला करते."

कुरिअरवाला पुढे झुकला. "ताकद किती?"

"स्मशानात जमिनी असतील तितकी."

"एक तर आत्ता बाहेर काढलीत. मोजा की."

"मी नाही हात लावणार," सूनबाई म्हणाली. "पंचांनी मोजाव्या."

पंच वाकला. एकेक पत्ता वरून उचलून त्याच क्रमाने बाजूला ठेवत मोजायला लागला. जमीन, एक. बेडकाचा भाऊ, नाही. जमीन, दोन. अख्खं टेबल गोळा झालं. सात. आठ. मग लागोपाठ तीन पत्ते आले ते जमिनी नव्हेत. मला नाकाने श्वास पुरेना. नऊ. ढीग संपत आला. दहा. खाली दोन पत्ते उरले. पहिला उचलला, आगीत मेलेला एक पक्षी. दुसरा, डावात सगळ्यात आधी पडलेला, टेबलाला चिकटलेला. पंचाला तो नखाने उचकटावा लागला.

चिखलाची, साधी, कुणालाही नको असलेली जमीन.

"अकरा," पंच म्हणाला.

मी गिळलं. सगळं एकदम, ठसका लागून. पंचाने माझ्याकडे बघितलं. पण शब्द तर मी काढला नव्हता.

कुरिअरवाल्याने आपले पत्ते खाली ठेवले आणि हात पुढे केला. सूनबाईने मोज्यासकट हात दिला, मग लक्षात येऊन मोजा काढला आणि परत दिला. "बेडूक का नाही घातला, ते मला आत्ता कळलं," तो म्हणाला. "तू ढीग पसरलास ना, तेव्हाच मला कळलं, वर काय पडतं याकडे तुझं लक्ष नाही," ती म्हणाली आणि हसत सुटली.

यादी लागायला बराच वेळ गेला. बरोबरी झालेल्यांत कोण वर, कोण खाली, याचे काही हिशेब असतात. आम्ही पांढऱ्या रेषेवर उभे होतो आणि ती माझ्या पिशवीतल्या गोळ्यांची पाकिटं लावत होती. मी लावू दिली. पोरांनी यादीभोवती गराडा घातला. मग कुरिअरवाल्याचाच आवाज आला, "स्मशानकाकू! आठव्या!"

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"बाबा, मोजा सापडला का?"

"सापडला."

"कुठे होता?"

"स्मशानात."

मग तो हळूच म्हणाला, "कितवी?"

"आठवी."

"हं," म्हणाला. "आरसा मी टॉवेल गुंडाळून उचलला. फुटला नाही." आणि फोन ठेवला.

घरी गेलो तेव्हा त्याने चहा टाकलेला होता, कप उंचीप्रमाणे मांडलेले होते. आठांच्या पुढच्या झुंजीत ती पहिल्याच सामन्यात हरली, तेही सांगतो. पण कबूल झालं होतं ते पहिल्या आठांचंच.

पुढच्या रविवारी आम्ही निघताना दुकानावरून गेलो. खिळ्यावर मोज्यांचा नवा कोरा जोड लटकत होता, चामडं अजून पिवळं. मुलगा कोपरा जोडत होता, त्याने मान वर केली नाही.

"जुना घेऊन जा," म्हणाला. "हाताला तो ओळखीचा आहे."

आता गड्डी तिच्या पर्समध्ये असते आणि मोजा माझ्या पिशवीत. पाण्याची बाटलीही.